आक्काची उन्हातली खुर्ची

आईचा सांगलीहून फोन आला तेव्हा मी साताऱ्यात गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "आक्का गेली गं... खुर्चीतच," एवढंच ती बोलली. पिळलेला टॉवेल मी परत परत पिळत राहिले. कोवळं ऊन पडलं होतं. वाटलं, आक्का इथंच कुठंतरी पाय पसरून बसली असेल आणि म्हणेल, "बस की गं, ऊन फुकट चाललंय."

आक्का म्हणजे माझी आत्या. तिचे मालक फौजेत, म्हणून ती सांगलीत विश्रामबागेत आमच्याच घरी राहायची. तरुणपणापासून तिला सोरायसिस. कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे आणि त्यांवर चंदेरी खपल्या. रोज सकाळी खोबरेल चोळून ती गच्चीत बसायची. मी चिकटून बसले की म्हणायची, "लांब सर. तुला लागंल." मी कसली सरतेय. तेलाचा वास, डोळ्यांवर पेंग, तिचं पुटपुटणं... माझं लहानपण मला असं अर्धवट झोपेतलंच आठवतं.

हा आजार प्रतिकारशक्ती कमी असल्यानं होतो, हे घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मग काय, गुळवेलीचा काढा. आई उकळायची, शेजारणी बाटल्या भरून द्यायच्या, आक्का बिचारी नाक दाबून प्यायची. करोनात तर काढ्याला ऊतच आला. चट्टे मात्र पाठीपर्यंत पसरले. हळदीकुंकवात अत्तर लावणाऱ्या बायका तिचा हात आला की पुढं सरकायच्या. मला आजही संताप येतो. आक्का जायचीच बंद झाली.

शेवटी मी तिला मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं. काढ्याचं ऐकून डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो आक्का, तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, भलतीच तापट आहे. बाहेरचं कुणी आलेलं नसताना आपल्याच कातडीवर धावून जाते. मग कातडी घाईघाईनं वाढते आणि खपल्या धरतात. तिला शांत करायचं, आणखी चेतवायचं नाही. काढा बंद. आणि हे दुसऱ्याला लागत नाही." आक्का परतताना रिक्षात हळूच म्हणाली, "म्हंजे मी दुबळी न्हवते व्हय गं..." औषधांनी चट्टे उतरले, पुन्हा आले, पुन्हा उतरले. साफ कधीच गेले नाहीत.

माझ्या लग्नात नवऱ्याकडची उष्टी हळद आली आणि आक्का दिसेना. मला पहिला हात तिचाच हवा होता. वाटी घेऊन तशीच गच्चीत गेले. ती खुर्चीत बसली होती.

"नगं गं. तुझ्या सासरच्या बायका बघतील."

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या?"

"लागत न्हाई म्हणल्या."

"मग लाव."

तिनं दोन्ही तळवे माझ्या गालांवर ठेवले आणि किती तरी वेळ काढलेच नाहीत. खाली सगळी खोळंबली होती.

तेराव्याला सगळं आवरल्यावर मी वर गेले. खुर्ची तिथंच होती. लाकडी हातांवर, ती कोपरं टेकायची तिथं, तेलाचे दोन काळपट डाग. आई म्हणत होती, घासून काढू. मी नको म्हटलं. बसले, आणि त्या डागांवर माझी कोपरं टेकवली... ऊन वर चढत गेलं. लांब सर, असं कुणीच म्हणालं नाही.