समोरच्या बाईंची कोथिंबीर

समोरच्या फ्लॅटमधल्या बाई मूळच्या गिरीज गावच्या. थंडी पडली की त्या धणे चपलेखाली हलकेच रगडून फोडतात आणि थर्माकोलच्या खोक्यात पेरतात. पंधरवड्यात खोकं हिरवंगार! मीही तस्सेच पेरते, तरी माझ्या कुंडीत नुसती माती.

"बाय, तू सारखी उकरून बघते," त्या हसतात.

नक्कीच काहीतरी लपवत असणार, मला वाटायचं.

डिसेंबरात पुन्हा पेरले आणि किल्ली त्यांच्याकडे देऊन गावी गेले. परतले, तर माझ्याच कुंडीत कोवळी कोथिंबीर डुलत होती.

"मी काय नाय केलं. तुझेच धने, मी नुसतं पानी शिंपडलं."

मी गोड हसून आभार मानले. पण मनातला संशय काही गेला नाही; पोह्यांवर घालायला बाजारातूनच जुडी विकत आणली.