निंबाखालचं रिकामं स्टूल

एका रिकाम्या स्टुलाचा एवढा मान राखणारा फौजदार सबंध वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, गावात मोर्चे अजून नवे होते आणि मी नगरपालिकेत कारकून होतो. हे फौजदार शेजारी राहायला आले आणि आमच्या गल्लीत गुपित म्हणून काही उरलं नाही. कारण ते प्रत्येक वाक्य दोनदा बोलत, दुसऱ्यांदा मोठ्यानं. भाजीत मीठ नाही हे बायकोला आधी हळू सांगत आणि मग असं, की समोरच्या घरातली बाई आपली भाजी चाखून बघे. न्हाव्याने एकदा वस्तरा थांबवून म्हटलं, "साहेब, मले आयकू येते." "तुले येते बाप्पा," असं दोनदा म्हणून फौजदार दाराकडे बघत राहिले. दारात कोणी नव्हतं. त्यानंतर न्हावी त्यांची दाढी करताना दाराकडे पाठ करीनासा झाला.

मोर्चाची खबर लागली की आदल्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव दारं लावून पडलेलं असताना, हे एकटेच मोर्चाच्या वाटेने चालत. रिकाम्या रस्त्यावर हात पसरून म्हणत, "मांगं सरका बाई, डोक्यावरचा पान्याचा गुंड सांभाळा." कुणाला तरी वाट द्यायला अंग चोरून भिंतीला लागत. खिडकीआडून बघताना मला हसू येई, पण ते गेल्यावरही मी बराच वेळ बाहेर पडत नसे.

स्टुलाची खोड मात्र माझ्या गळ्यात पडली. मोर्चा यायच्या आधी ते आमच्या कचेरीतून एक स्टूल मागवत आणि पायऱ्यांशेजारच्या निंबाखाली ठेवायला लावत. त्यावर कोणी बसायचं नाही. शिपायांना ताकीद असे, "स्टुलावरचा मानूस उठल्याबिगर लाठी उचलायची नाही." आमचे नगराध्यक्ष यावर फार जळत. "राज्य आपलं, कमेटी आपली, अन् हा मोर्चेवाल्यायले फर्निचर पुरवून राह्यला," असं मला सुनावत, जणू ते स्टूल मीच जन्माला घातलं होतं.

एकदा धीर करून मी फौजदारांना विचारलंच. त्या दिवशी ते हळू बोलले आणि एकदाच बोलले. "मांगच्या ठाण्यात एक बुढा कचेरीच्या पायरीवर बसून होता. तिथले पुढारी म्हणे, हटवा. मी तीनदा बजावलं. सारे पांगले, बुढा हालला नाही. मले वाटलं, माज हाय. मंग मीच लाठी मारली. दुसऱ्या दिवशी गेला तो." मग म्हणाले, "त्याले आयकू येत नव्हतं, बाबू. आता हरेक मोर्चात येते. उभं राहवत नाही त्याले."

त्या उन्हाळ्यात नगरपालिकेने मोठ्या विहिरीला कुलूप घातलं आणि ती दिवसातून तासभरच उघडू लागली. गावातल्या बायका पाण्याचे रिकामे गुंड वाजवत पायऱ्यांवर येऊन बसल्या. अध्यक्षांनी वरून मला पाठवलं, पाच मिनिटांत पायऱ्या मोकळ्या करा म्हणून. फौजदार म्हणाले, "लेखी आणा. अन् पयली लाठी कोन्या बाईले मारायची, तिचं नाव घाला." दुसऱ्यांदा ते वरच्या खिडकीपर्यंत पोचलं. गुंड वाजायचे थांबले.

मी वर जाऊन हुकूम लिहिला, नावाची जागा कोरी ठेवली. अध्यक्षांनी टाक उचलला, कोऱ्या जागेकडे पाहिलं, टाक ठेवला आणि स्वतःच खाली आले.

"तुमची बदली करतो मी," ते म्हणाले.

"करा भाऊसाहेब. पन स्टुलाले हात लावू नका."

अध्यक्षांनी मुद्दाम स्टूल सरकवायला त्यावर हात टेकला आणि लगेच काढून घेतला. तळहात धोतराला पुसला. एकवार बायकांकडे पाहून मला म्हणाले, "विहिरीची चाबी दे." नंतर स्टूल आत नेताना मलाही ते मधोमध ऊबदार लागलं, माणूस आत्ताच उठून गेल्यावर लागतं तसं. उन्हाळा होता हे खरं. पण स्टूल सकाळपासून सावलीत होतं.

महिन्याभरात बदली झालीच. मोटार सुटताना मी विचारलं, "तो तुमच्यासंगं येईल का?" "नाही. तो मोर्चाचा हाय, माझा नाही. त्याले बसवत जा, बाबू." हे त्यांनी पुन्हा मोठ्यानं सांगितलं, तेव्हा सगळा मोटारस्टँड माझ्याकडे बघू लागला.

पुढच्या मोर्चाला नवे फौजदार होते. त्यांनी आधी अध्यक्षांना सलाम केला आणि मग लाठ्या बाहेर काढायला लावल्या. नोकरी जाईल अशी भीती होती, तरी मी स्टूल निंबाखाली नेऊन ठेवलं.

"हे कोणासाठी?" नव्यांनी दरडावलं.

"याले आयकू कमी येते, साहेब," मी म्हणालो. आणि मग साऱ्या पायऱ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणालो.

वर अध्यक्षांनी खिडकी लावून घेतली. नवे फौजदार तिकडे बघत राहिले, पण हुकूम आला नाही. संध्याकाळी स्टूल आत नेताना मला आमच्या फौजदारांची फार आठवण आली. त्यांच्या भाजीतलं मीठसुद्धा सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या म्हाताऱ्याचं मात्र त्यांनी हळू, आणि मला एकट्याला सांगितलं होतं.