भरीव की पोकळ?

घराच्या भिंतीला नाडी असते, आणि ती अचूक ओळखणारा माणूस उभ्या आखातात एकच, तो म्हणजे माझे थोरले साडू, असं आमच्या घरात मानलं जातं. मानलं जातं म्हणजे, साडूंनी स्वतःच ते एकदा जेवताना सांगितलं आणि कोणी 'नाही' म्हटलं नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना 'नाही' म्हणण्याची माझी टाप नाही. ते मूळचे नाशिकचे. इथल्या एका गॅस प्लांटमध्ये इन्स्पेक्शन इंजिनिअर. आठवडाभर टाक्या आणि पाईप ठोकून झाले तरी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांचे हात शिवशिवतात. मग ते नातेवाइकांच्या घरांकडे वळतात.

दोह्याचा हिवाळा म्हणजे काय सुख, असं नव्याने आलेली मंडळी म्हणतात, कारण त्या चार महिन्यांत ती स्वेटर मिरवत समुद्राकाठच्या कॉर्निशवर फिरत असतात. साडूंच्या मते माणसाला जो ऋतू मानवतो तोच घराला बाधतो. "अरे, या घरांना पावसाची सवय नाही. वर्षातून दोनदा पडतो, पण पडतो तो वैर काढल्यासारखा. गच्चीवरची जाळी वाळूने तुंबलेली, मग पाणी जाणार कुठे? भिंतीत! वर एसी चार महिने बंद, त्याच्या पाईपात कबुतरांचा संसार. आणि आत गेलेली ओल तुला आत्ता दिसणार नाही. मे महिन्यात ऊन तापलं की ती टाईल घेऊन बाहेर येईल." म्हणून गुढीपाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी अल सद्दमधल्या आमच्या फ्लॅटची तपासणी, हा गेल्या पंधरा वर्षांचा रिवाज. पाडव्याला पाहुणे येण्याआधी घर निर्दोष हवं, असा त्यांचा आग्रह. प्रत्यक्षात पाहुणे यायचे तेव्हा भिंतींवर त्यांनी काढलेली पिवळ्या खडूची वर्तुळं असायची. एका वर्षी देवघरामागचं वर्तुळ पाहून एका बाईंनी माझ्या बायकोला विचारलं होतं, "तुमच्याकडे पाडव्याला हे पण काढतात का?" तेव्हापासून साडूंची पाठ वळली रे वळली की ती ओलं फडकं घेऊन त्यांच्यामागे फिरायची.

त्यांची आयुधं ठरलेली: एक छोटी हातोडी, टॉर्च, ओळंबा आणि पिवळा खडू. यातली हातोडी त्यांच्या खिशात बारा महिने असते. अल नस्रमध्ये एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. आरती सुरू झाली, सगळे टाळ्या वाजवताहेत आणि हे गृहस्थ ठेक्यात खांब वाजवताहेत! प्रसाद घेता घेता यजमानांना म्हणाले, "पूजा छान झाली. खांबाचं प्लास्टर सुटलंय." समैस्म्याला समुद्रावर सहलीला गेलो, तर आम्ही पाण्यात आणि हे भाड्याच्या व्हिलाच्या कुंपणाला कान लावून. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन तर त्यांची गाडी दिसली की न सांगताच शिडी काढतो. "यल्ला भाई, ऊपर की टाकी देखेंगे," साडू म्हणतात आणि दोघं गच्चीकडे निघतात, वारीत नव्हे, लढाईवर निघाल्यासारखे.

या सगळ्यात माझं काम काय? पहिली काही वर्षं नुसती वही धरायची, पुढे परीक्षाही द्यायची. साडू भिंतीवर हातोडी टकटक वाजवत, बाजूला होत आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत. "बोल. भरीव की पोकळ?" माझं सगळं आयुष्य एक्सेलच्या चौकोनांत गेलेलं. सुरुवातीला मला स्वतःचं डोकं ठोकल्यावर येणारा आवाज आणि भिंतीचा आवाज यांत फरक कळत नसे. पण हळूहळू कान तयार झाला. मी "पोकळ" म्हणालो की ते मान डोलवत आणि वर्तुळ काढत. मला उगाच पहिला नंबर आल्यासारखं वाटे.

दोन वर्षांपूर्वी तपासणीच्या शुक्रवारी भारताची मॅच होती. बाथरूममध्ये, गिझरखालच्या भिंतीशी साडू टकटक करत होते आणि माझं लक्ष हातातल्या फोनवर. "बोल?" "भरीव, भरीव," मी म्हणालो. ते पुढे गेले. मे महिन्यात एका सकाळी त्या भिंतीच्या चार टाईल धाडकन खाली आल्या. बायको धुण्याची बादली घेऊन नुकतीच बाहेर पडली होती, दोन मिनिटं झाली असतील नसतील. साडू तासाभरात आले. पालथ्या बादलीवर बसून त्या तुकड्यांकडे बघत राहिले. "माझी चूक," एवढंच म्हणाले. मी तुकडे गोळा करायला लागलो. मनात म्हटलं, मी परीक्षा देणारा, निकाल तर त्यांचाच होता ना!

त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कोणाकडे तपासणीला जाणं सोडलं. खिशात हातोडी असायची, पण आमचं घर सोडून कुठे बाहेर निघत नसे.

यंदा फेब्रुवारीत ताईंचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, बायकोला फोन आला. साडूंना कानाचं मशीन बसवलंय. "डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान सात-आठ वर्षांपासून गेलेत. सगळा जन्म त्या कॉम्प्रेसरच्या शेजारी काढला, दुसरं काय होणार? आणि गं, कोणाला पत्ता लागू दिला नाही यांनी." बायकोने फोन ठेवून मला सांगितलं आणि मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. सात-आठ वर्षं! म्हणजे ती माझी परीक्षा नव्हतीच. ते मला खरंच विचारत होते.

ते जूनमध्ये कायमचे नाशिकला चाललेत. पाडव्याआधीच्या शुक्रवारी शेवटच्या तपासणीला आले, तेही फक्त आमच्याकडे. मशीन कानात नव्हतं, शर्टाच्या खिशातून डोकावत होतं. बाथरूममध्ये त्याच भिंतीशी उभे राहिले, टकटक केलं आणि माझ्याकडे वळले. "बोल."

"दादा," मी जरा मोठ्याने म्हणालो, "त्या वर्षी मी ऐकलंच नव्हतं. मॅच बघत होतो. तोंडाला येईल ते बोललो. तुमची चूक नव्हती."

हातोडी खाली आली. त्यांनी चष्मा वर सरकवला. मग विचारलं, "मॅच जिंकलो का?"

"हरलो."

"बरं झालं!" आणि दुसऱ्या क्षणी त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो. तसेच हॉलमध्ये माझ्या बायकोकडे धावले. "अगं, ऐकलंस का? तो हा होता! टाईलवाला हा होता! मी दोन वर्षं रोज त्या भिंतीचा विचार करतोय, मी म्हटलं, माझी विद्याच गेली!" बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहीत नाही.

परत आले, मशीन कानात बसवलं आणि हातोडी माझ्या हातात दिली. "आता तू ठोक." मी हॉलमध्ये जाऊन खिडकीखाली ठोकलं. दोघांनी ऐकलं. "पोकळ," आम्ही एकदमच म्हणालो. खडूही त्यांनी मलाच दिला. माझं वर्तुळ बटाट्यासारखं आलं. "गोल तरी नीट काढ, गाढवा," साडू म्हणाले. मला वाटतं, ते इतक्या प्रेमाने माझ्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते.

पाडव्याला पाहुणे आले. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन एकाने खिडकीखाली बोट दाखवलं, "हे काय?" बायकोचं फडकं तिथंच, खिडकीच्या कट्ट्यावर पडलेलं होतं. ती म्हणाली, "असू दे ते. भावोजी जाईपर्यंत पुसायचं नाहीये."