सेलूतले चार दिवस आणि माझी एक खासगी बाब

सहलीहून लोक फोटो आणतात, मी सेलूहून तक्रारी आणल्या. मित्रांना एक सांगायला घेतली की तिच्यामागून दुसरी निघते, आणि ऐकणारे हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. कदाचित चूक माझी असेल. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला गावं कळत नसावीत.

खासगी बाब आधीच सांगतो. सोमवारी नागपुरात माझ्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. तिथे राहणाऱ्या मुलीखेरीज कुणालाही हे ठाऊक नव्हतं. होस्टेलातला जुना मित्र वसंता नागपूरजवळच्या सेलूला असतो. चार दिवस त्याच्याकडे शांतपणे राहून ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवावं, एवढाच बेत.

*

स्टँडवर उतरलो, तोच ऑटोवाल्याने बॅग उचलली. "चला सर, वसंतभाऊकडे ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पुण्याचे पाव्हने येऊन राह्यले, हे साऱ्याईले मालूम हाय."

"पण ते मीच कशावरून?"

"सेलूत उतरून पयले घड्याळ कोन पाह्यते जी?"

*

मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या घेतल्या आणि आतल्या खिशात ठेवल्या. पुढच्या टपरीवर चहा सांगितला, तर अर्धाच कप आला.

"बीपीवर चाय जास्त बरी नाई, सर."

मी संतापलो. माणसाच्या खासगीपणावर त्याला दहा मिनिटं सुनावलं. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि बाकावरच्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाला, "पाहा, अर्ध्या कपातच एवढे तापले."

*

सकाळी फिरायला निघालो की प्रत्येक दारातून एकच प्रश्न, "कुठी चालले जी?" पहिल्या दिवशी मी "सहज" म्हणालो. संध्याकाळी वहिनींनी काळजीने विचारलं, "भाऊजी, गावात सहज फिरून राह्यले म्हनते तुमी. काई बिनसलं का?"

दुसऱ्या दिवशी शहाणपणा केला आणि "दूध आणायला" असं ठोकून दिलं. मी घरी पोचायच्या आत तीन घरांतून दूध येऊन पडलं होतं. वहिनी दुपारपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एकच वाक्य बोलल्या. "दोन म्हशी असताना माह्या घरचा पाव्हना दुधाले हिंडते!"

*

तिसऱ्या दिवशी एकटाच जवळच्या केळझरच्या देवळात गेलो. मी देव मानत नाही, तसं लिहिलेलंही आहे. तरी गणपतीपुढे पाच मिनिटं उभा राहिलो आणि मनातलं थोडं ओठांवर आलं असावं. बाहेर पडताना, मागेच उभी असलेली म्हातारी फुलवाली म्हणाली, "घाबरून बोललं का शब्द खाल्ले जाते जी. बाप्पाले मोकळं सांगा लागते."

दुसऱ्याचं बोलणं असं ऐकायचं? मी चिडून म्हणालो, "मी प्रार्थना करत नव्हतो."

"मालूम हाय. तुमी तं भांडून राह्यले होते."

*

रविवारी सकाळी नऊला नागपूरची गाडी होती. आदल्या संध्याकाळीच मी ठरवलं होतं, ऑपरेशन नको. पण तसं मुलीला सांगायचं धैर्य नव्हतं. गाडी चुकली, एवढं सांगता आलं असतं. म्हणून आंघोळीला वेळ लावला, खिशातला चष्मा घरभर शोधला आणि साडेनऊला रमतगमत स्टँडवर पोचलो.

गाडी उभी होती. आत माणसं गच्च बसली होती, पण कुणाची कुरकुर नव्हती. खिडकीजवळची एक जागा तेवढी रिकामी होती.

मी कंडक्टरवर उखडलोच. "एका माणसासाठी पन्नास जणांना ताटकळत ठेवता? हे कुठल्या नियमात बसतं?"

"चढा सर," तो म्हणाला. "नियमाचं मी पाह्यतो."

मागच्या सीटवरून फुलांची टोपली सरकवत केळझरची म्हातारी म्हणाली, "बाप्पासंग झालं ना भांडन? आता आमच्यासंग नोका करू. बसा."

मी बसलो. तेवढ्यात टपरीवाला धावत आला आणि खिडकीतून त्याने कप आत दिला. काठोकाठ भरलेला.

"आज पुरी प्या, सर. उद्या तं उपाशीच राहा लागन."