पूजेला बसलेली डिस्क

हावेरीच्या आमच्या कॉलेजातले सगळे संगणक नागवेणी कटगी सांभाळतात. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणतात. माघारी काही जण पासवर्डअक्काही म्हणतात. शिकलेल्या इंजिनियर, आवाज खणखणीत. राग पटकन येतो आणि चहा मिळाला की तितक्याच पटकन जातो.

फसव्या ईमेलबद्दल त्यांनी आधी परिपत्रकं काढली. ती कोणी वाचली नाहीत. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळी ठेवा, हेही सांगून झालं. शेवटी त्यांनी खंडेनवमीच्या आयुधपूजेचा आधार घेतला. त्या दिवशी आमचा प्रत्येक विभाग आपली यंत्रं पुसून, झेंडू वाहून पूजतो आणि शेजारच्या विभागांना बोलावतो. अक्कांनी जाहीर केलं, "आदल्या दिवशी आपापल्या कामाची प्रत डिस्कवर घ्या आणि माझ्याकडे आणून द्या. सगळ्या डिस्क देवीपुढे ठेवू." परिपत्रकाला दाद न देणारी माणसं देवीला नाही म्हणेनात. हिशेब विभागाची डिस्क मी स्वतः नेऊन देतो.

यंदा पूजेच्या सकाळी वनस्पतिशास्त्र विभागाच्या नावाने पूजेचं निमंत्रण सगळ्यांच्या ईमेलवर आलं. बोलावलेल्या पूजेला गेलं नाही तर आमच्याकडे वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. कन्नडच्या प्राध्यापक सुलोचना गुडगेरींनी वेळ बघायला म्हणून सोबतची फाइल उघडली. बघता बघता त्यांच्या साऱ्या फायलींची नावं बदलली आणि एकही उघडेना. त्यांत गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केलेली जात्यावरची गाणी होती. गाणाऱ्या म्हाताऱ्यांतल्या बहुतेक जणी आता हयात नाहीत.

निरोप मिळताच अक्का धावत आल्या. आधी नेटची तार उपटली, मग तोंड उघडलं.

"वनस्पतिशास्त्रवाले ईमेलवर कधीपासून बोलवायला लागले, मॅडम? ते तर कुंकू घेऊन दारात उभे राहतात!"

"अगं, निमंत्रण होतं! न उघडून कसं चालेल?"

"तेच त्या चोराला ठाऊक होतं."

अक्कांनी शिपायांना दारोदार पिटाळलं. कार्यालयाचा मजला मी घेतला. प्राचार्य पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बरं झालं आलात. मी आत्ता उघडणारच होतो. त्यांच्याकडचा गूळ-चुरमुरा चांगला असतो." आणखी कोणी उघडलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. सुलोचनाबाईंचा मात्र टांगलेलाच होता.

त्या थेट संगणक कक्षात गेल्या. झेंडूच्या राशीत त्यांची डिस्क होती, वर कुंकवाचं बोट.

"दे ती इकडे. माझ्या संगणकाला लावून बघते. प्रत विद्यार्थिनीने घेतलीय. सगळं घेतलं का, मी तपासलंच नाही."

"पूजेतलं आयुध आज उचलत नाहीत, मॅडम."

"तू मला शास्त्र शिकवतेस? देवापुढे कधी उभी राहतेस ग तू?"

"राहते की. सर्व्हर बंद पडला की." मग अक्कांचा आवाज उतरला. "हे बघा, तो रोग तुमच्या संगणकात अजून बसलाय. डिस्क लावली की तिलाही लागेल. देवीसाठी थांबू नका, तुमच्या म्हाताऱ्यांसाठी थांबा."

बाई तिथल्याच खुर्चीवर बसल्या. प्रसादाचा चुरमुरा मुठीत तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, तरी आम्ही तिघं आलो. अक्कांनी कपाटातला एक कोरा संगणक काढला. डिस्क उचलण्याआधी त्यांनी देवीला हात जोडले. सुलोचनाबाई बघत होत्या. डिस्क लावली. पडद्यावर गावांच्या नावांची रांग उमटली. बाई एकेक नाव बोटाने मोजत खाली आल्या. सगळी गावं होती.

"फकीरव्वाचं लाव," त्या म्हणाल्या.

जात्याची घरघर आली, मागून एक चिरका, ठसक्यातला आवाज. मध्येच म्हातारी खोकली आणि गाणं सोडून म्हणाली, "बाई, तुझ्या त्या डबीला तहान लागत नाही का? मला लागलीय. पाणी दे जरा."

सुलोचनाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि त्या हसत सुटल्या. "देते ग बाई, देते," असं त्या संगणकालाच म्हणाल्या.

अक्कांनी दुसरी डिस्क पुढे सरकवली. "आधी आणखी एक प्रत काढू. मग पाजा पाणी."