परसातली करवंदं

माझं माहेर बेडशाच्या लेण्यांखालच्या एका वाडीत. घरामागं परसू, परसाच्या टोकाला दगडी बांध आणि बांधावर करवंदीची जाळी. कुणी लावली नव्हती, कुणी पाणी घातलं नव्हतं, तरी मे महिन्यात काळ्याभोर करवंदांनी लगडायची. मला लोणावळ्यात दिलं तरी उन्हाळ्यात एकदा तिथं जाऊन हातांवर ओरखडे काढून घेतल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आता ती जाळी नाही. ती माझ्या दादानं तोडली आणि माझ्या मते उगाच तोडली. माझं तोंड मुळातच फटकळ आहे, पण या एका बाबतीत मी वर्षभर गप्प बसले.

दादा पवनानगरच्या बाजूला धरणाच्या काठी तंबू लावतो. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, शेकोटी करतात, गाणी लावतात आणि पाणी सांडतात. समोर धरण भरलेलं, पण त्या माणसांना तोंड धुवायलाही नळाचंच पाणी लागतं. म्हणून दादा वाडीच्या नळाचं पाणी निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरून ठेवायचा आणि शुक्रवारी टेम्पोतून न्यायचा. ड्रम ठेवायला सावलीची जागा एकच, बांधाखाली, जाळीला लागून. झाकणं कधीच हरवली होती. आठवडाभर ते उघडेच असायचे.

त्या वर्षी वहिनीला दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखाने झाले होते, नवस झाले होते, आणि आईनं तर आशाच सोडली होती. त्यामुळं पाचवा महिना लागला तेव्हा आमच्या घरात वहिनी म्हणेल ती पूर्व दिशा होती. तिला डोहाळे लागले ते करवंदांचे. तोडून वाटीत आणून दिलेली तिला चालत नसत. जाळीपाशी उभं राहून, देठाचा चीक बोटाला लागतोय तोवर तोंडात टाकलेलं करवंदच तिला गोड लागायचं.

दुपारची भांडी झाली की ती ड्रमांमधल्या फटीत शिरायची. तिथं डास असे की बोलायला तोंड उघडलं तर आत जावेत. आई म्हणायची, डास रात्रीचे चावतात, हे दिवसाढवळ्या चावणारे कुठून आले. गोवरी पेटवून वर कडुनिंबाचा पाला टाकून पाहिला, पण त्या धुरानं वहिनीला मळमळायचं. मग तिनं गाऊनवर दादाचा लांब बाह्यांचा शर्ट चढवला, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि तशीच जाऊ लागली. मी गेले होते तेव्हा तिला त्या अवतारात पाहून पोट धरून हसले. ती करवंद अर्धं चावून माझ्यापुढं धरायची आणि विचारायची, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हा खेळ आम्ही लहानपणी खेळायचो. मी म्हटलं, आता काय ते तुझं तूच ठरव. तिचे पाय आणि मनगटं चावून चावून सुजली होती. ती खाजवायची आणि खायची. इतकी खूष मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मी लोणावळ्याला परतले आणि मागोमाग तिला ताप चढला.

आमच्याकडं करवंदं उष्ण मानतात. पोटुशी बाई, ऐन उन्हाळा आणि पोटभर करवंदं. मग ताप कशाचा ते आईला वेगळं सांगायला नको होतं. करवंदं बाधली. सब्जा भिजवून दिला, खडीसाखर दिली. काशाच्या वाटीनं तळपायाला तूप घासलं. तळवे काळे झाले की उष्णता निघाली असं म्हणतात, आणि तळवे तर काळे होतातच. दादानं शहाळी आणली. अंगावर लाल पुरळ उठलं तेव्हा शेजारणीही म्हणाल्या, निघतेय उष्णता, निघू दे. ताप उतरला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आईनं तसा मला फोनही केला.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या हिरड्या लाल दिसत होत्या. आई म्हणाली, करवंदांचा रंग चढलाय, अजून गेला नाही. मी विचारलं, शेवटचं करवंद कधी खाल्लं? ताप आल्यापासून तिनं एकही तोंडात घातलेलं नव्हतं. मी ओल्या कापडानं हिरडी पुसली. कापड लाल झालं, आणि पुसलेल्या जागी पुन्हा लाल आलं.

दादानं टेम्पो काढला. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत वहिनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि एकच सांगत होती, मी जास्तीच खाल्ली, ताई, मला आवरलं न्हाई.

डेंग्यू होता. रक्ताच्या पिशव्या लागल्या, त्यासाठी दादा गावभर फिरत होता. वहिनी वाचली. बाळ राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला आणि आईला वहिनीच्या खाटेपाशीच समजावून सांगितलं की हा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या उघड्या पाण्यात वाढतो. घराजवळ पाणी साठवता का, असं त्यांनी विचारलं. आई खिडकीबाहेर बघत राहिली. दादा तेव्हा पिशव्या आणायला गेला होता.

घरी आल्यावर दादानं कोयता घेतला. डेंग्यूचं नाव त्यानं ऐकलं होतं, पण करवंदांच्या उष्णतेनंच तो चढला असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. जाळी तोडली, पहारीनं मुळं उपटली आणि सगळी पेटवून दिली. ओली करवंदी जळता जळत नाही, नुसता धूर झाला. मी बोलायला पुढं झाले तर आईनं मला चुलीपाशी ओढत नेलं.

"त्या जाळीचं काय, उपटली तर उपटली," ती म्हणाली. "माझ्या ल्योकाला उपटू नगंस. ड्रम त्याचे हायेत, कळलं तर त्यो जगायचा न्हाई."

मला आईचा राग आला आणि दादाची कीवही आली, आणि दोन्हीत माझी जीभ टाळ्याला चिकटली. वाडीत मात्र बोभाटा झाला की सुनेनं जिभेपायी पोर घालवलं. आई हे स्वतः सांगायची असं नाही, पण कुणी म्हणालं तर खोडायचीही नाही. वहिनी मान खाली घालून ऐकायची. मला वाटायचं, तापात तिला डॉक्टरीणबाईंचं बोलणं कळलंच नसणार.

पुढच्या मे महिन्यात वहिनीला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. मी धावतच गेले. परसात बांध उघडा पडला होता आणि त्याच्याखाली ड्रम तसेच उभे होते, काठोकाठ भरलेले. बायकोला जपायचं म्हणून दादानं करवंदीचा कोंबही वर येऊ दिला नव्हता, आणि पाणी मात्र होतं तिथंच होतं. फरक एवढाच, की प्रत्येक ड्रमच्या तोंडावर जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून सुतळीनं करकचून बांधला होता.

ते वहिनीनं बांधलं होतं. मी तिच्याकडं बघितलं आणि मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे, दवाखान्यातल्या खाटेवरच कळलेलं आहे. मी तिला बाजूला घेऊन भांडले. म्हटलं, बाई, तू स्वतःवर का घेतलंस? ती म्हणाली की दादा त्या वेळी जेवत नव्हता, पिशव्यांसाठी धावून त्याचे पाय सोलले होते, आणि अशा माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं. मग सांगायचं राहिलं ते राहूनच गेलं.

तेवढ्यात दादा टेम्पो लावून परसात आला. त्याला पाणी काढायचं होतं. लुगडं बघून तो वैतागला, हे काय नवीन खूळ म्हणाला. वहिनी पटकन म्हणाली, पाण्यात पाला पडतोय.

दादा बांधाकडं बघत राहिला.

"जाळी तर म्या तोडली," तो म्हणाला. "पाला कुटला?"

आई दारात आली होती. दादानं गाठ सोडली, लुगडं बाजूला केलं आणि वाकून पाण्यात बघितलं. मग शेजारच्या, बांधायच्या राहिलेल्या तुटक्या बादलीत बघितलं. तिच्यात तळाशी पाणी होतं आणि त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. मी काही समजावायची गरज नव्हती.

"तुला ठावं हुतं?" त्यानं वहिनीला विचारलं.

"व्हय."

"कवापासनं?"

"दवाखान्यातच. बाईंनी सांगितलंतं."

दादानं बादली उपडी केली. तो तिच्याकडं न बघता बोलला.

"वरीसभर तू माझी माफी मागत हुतीस. आन् मी तुला माफ करत हुतो."

वहिनीनं त्याच्या हातातून सुतळी घेतली आणि लुगडं पुन्हा ड्रमवर ताणून बांधायला लागली, कारण तिच्या पायांवर डास बसायला लागले होते.