दादाची गोधडी आणि पंपाची किल्ली

दादाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गाई पाचला उठायच्या. मधला एक तास दादाचा स्वतःचा. त्या तासात तो गोठ्याच्या पडवीत, दिव्याखाली, जमिनीवर गुडघे टेकून गोधडी शिवायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अंगाने दारात मावत नाही. बोटं केळ्यांसारखी. या माणसाला शिवणाचा नाद कुठून लागला, असं लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. मी धान्याच्या गोदामात हमाली करायचो. हंगामात शेतातली कामं उरकली की दादा तिथे पोत्यांची तोंडं शिवायला यायचा. पोतं मी वाहायचो, तोंड तो शिवायचा. दाभण आणि सुतळी घेऊन दिवसभर. घाईत शिवलेलं पोतं पाठीवर उसवतं आणि धान्य हमालाच्या सदऱ्यात जातं. दादाने शिवलेलं पोतं माझ्या पाठीवर कधी उसवलं नाही. त्याच्या हाताबद्दल याहून जास्त सांगायची गरज नाही.

घरी आल्यावरही त्याचे हात थांबेनात. दाभण गेलं, सुई आली. सुतळी गेली, दोरा आला. अंगुस्तान बोटात जाईना, म्हणून त्याने पत्र्याचं एक झाकण ठोकून वाकवलं आणि ते घातलं.

त्याची पद्धत अशी. खाली अस्तर पसरायचं. त्यावर जुन्या कपड्यांचे थर. वर ठिगळं. मग कडेपासून सुरुवात करून आत आत शिवत जायचं, गोल गोल, रांगत. शेवटचा टाका मधोमध पडायचा. तेव्हा दादाही मधोमध असायचा, पुरात बेटावर अडकलेल्या माणसासारखा. गुडघे धरून बसायचे. मग तो हाका मारायचा आणि आम्ही दोघं-तिघं त्याला उभा करायचो. पोतं उचलणं त्यापेक्षा सोपं. पोतं निदान "हळू, हळू" म्हणत नाही.

म्हणून त्याला एक टेबल हवं होतं. लांब, रुंद, मजबूत. उभ्याने शिवता येईल असं. पोत्यांच्या मजुरीतून तो त्यासाठी एका डब्यात पैसे बाजूला ठेवत होता. त्या डब्याला वहिनीही हात लावत नसे.

त्याच्या नादाचा जाच मात्र सगळ्या घराला होता. थरांना कापड लागतं आणि दादाला घरातलं प्रत्येक कापड जुनं दिसायचं. वाळत घातलेल्या कपड्यांची आम्ही राखण करायचो. माझ्या निळ्या सदऱ्याची एक बाही अजून दादा-वहिनीच्या पलंगावरच्या गोधडीत आहे. मी तिथे गेलो की ती माझ्याकडे बघते. शेतातल्या बुजगावण्यालाही त्याने सोडलं नाही. त्याचा सदरा काढून आणला. उघडं बुजगावणं बघून पाखरांची भीती मेली. ती त्याच्या खांद्यावर बसून कणसं निवडायला लागली.

"अहो, माणसं अंगावर घालतात ते कपडे तरी सोडा," वहिनी म्हणायची.

"अगं, विरलंय ते."

"मीही विरलेय. मला घालाल का मधल्या थरात?"

दादा यावर विचार केल्यासारखा गप्प बसायचा. ते वहिनीला जास्त झोंबायचं.

त्या वर्षी थंडी पडली तेव्हा व्याही आले. म्हणजे माझ्या पुतणीचे सासरे. ते बेकरीत भट्टीवर असतात. रात्रभर काम, दिवसा झोप. "रात्रभर भट्टीपुढे भाजतो आणि घरी येऊन गारठतो," असं ते म्हणाले. एवढं ऐकायचा अवकाश, दादाने आपली सगळ्यात चांगली गोधडी त्यांच्या हातात ठेवली. शेवटचा टाका त्याच पहाटे पडला होता. व्याह्यांनी ती हाताने दाबून पाहिली.

"भारी जड आहे हो. आत काय घातलंय?"

"मऊ सुती," दादा म्हणाला.

व्याही गोधडी घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही कांद्याची लावणी केली. सगळं घर वाकलं होतं. मीही होतो. हमालाची पाठ ओझ्याला तयार असते, वाकायला नाही. दुपारच्या आत शेवटचं रोप लागलं. वारा कोरडा होता, वाफे कोरडे होते. लावणी झाल्यावर रोपाला लगेच पाणी लागतं. दिवस मावळायच्या आत मिळालं नाही तर रोप मान टाकतं, आणि टाकलेली मान सगळीच रोपं परत उचलत नाहीत.

वहिनी म्हणाली, "चला, मोटार सुरू करा."

दादाने खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग सदऱ्याच्या. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू माझ्या खिशात असेल.

"किल्ली नाही," तो म्हणाला.

पंपाच्या खोलीला जे कुलूप होतं ते दादाने स्वतः निवडलं होतं. बोकडाच्या मुंडक्याएवढं. "हत्ती आला तरी तुटणार नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी घण घेऊन आलो. मारला. घणाचा दांडा तुटला. कुलूप तसंच.

"दुसरी किल्ली असेल ना?" मी विचारलं.

"आहे की."

"कुठे आहे?"

"पहिलीच्याच कडीत. वेगळी ठेवली तर हरवते."

 वहिनीने डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं आणि परत घट्ट बांधलं. ते वाईट लक्षण असतं.

"शेवटची कधी पाहिली?" तिने विचारलं.

दादा आठवायला लागला. पंप त्याने लावणीसाठी वाफे करायच्या आधी चालवला होता. तेव्हा अंगात कोणती पँट होती? तपकिरी. ती गुडघ्यावर विरली होती. मग ती कुठे गेली?  दादाचा हात आपोआप हवेत गोल गोल फिरायला लागला, गोधडी शिवतात तसा.

"खिसा तपासला नव्हता?" मी विचारलं.

"खिसा मी काढत नाही. खिशाला दुहेरी कापड असतं. ऊब राहते."

"म्हणजे आपली किल्ली," वहिनी सावकाश म्हणाली, "तुमच्या पँटच्या खिशात आहे. पँट गोधडीत आहे. आणि गोधडी व्याह्यांच्या अंगावर आहे."

"हो."

"लोकांचा कळसा निदान स्वतःच्या काखेत असतो. तुमचा व्याह्यांच्या काखेत आहे."

मी म्हणालो, पोरीला फोन कर. ती उसवून किल्ली काढून ठेवेल. दादा माझ्यावर डोळे वटारून म्हणाला, "दुसऱ्याच्या हाताला उसवायला देऊ? कात्री कापडात जाईल."

"अहो, तिकडे रोपं मरतील!"

"मी जातो आणि घेऊन येतो. दिवस मावळायच्या आत."

वहिनीने बोट वर केलं. "नीट ऐका. आज अंधार पडायच्या आत वाफ्यात पाणी दिसलं नाही, तर तुमची सुई, दोरा, ते झाकण, सगळं विहिरीत. पुन्हा या घरात एक टाका पडणार नाही. भावजी, तुम्ही साक्षीला आहात."

दादाचा चेहरा पडला. गाय आटली तेव्हाही मी त्याला असा पाहिला नव्हता.

मोटारसायकलवर मी पुढे, दादा मागे. मागचं चाक दबलं आणि पुढचं हलकं झालं. चढ लागला की दादाला उतरवून चालायला लावायचो. तासाभराचा रस्ता, पण आम्हाला जास्त वेळ लागला.

पुतणीने दार उघडलं. "बाबा? काका? काय झालं?"

"काही नाही. गोधडी बघायला आलो," दादा म्हणाला.

"मामंजी झोपलेत तिच्यात."

"झोपू दे. आम्ही हळूच बघतो."

व्याही भिंतीकडे तोंड करून झोपले होते. गोधडी त्यांनी अंगाभोवती अशी गुंडाळली होती की फक्त टक्कल बाहेर होतं. दादा गुडघ्यांवर बसला. रांगत जवळ गेला. आणि व्याह्यांना पायापासून चाचपायला लागला.

पोटऱ्या झाल्या. मांड्या झाल्या. पुतणी तोंडात पदर कोंबून उभी होती. मी छताकडे बघत होतो. दादाचा हात कमरेपर्यंत आला तेव्हा व्याही झोपेत म्हणाले, "अगं, आता नको, भट्टीवर जायचंय."

पुतणी बाहेर पळाली.

दादाचा हात थांबला, मग पुढे सरकला. बरगडीपाशी त्याला काहीतरी टणक लागलं. त्याने ते दाबलं. व्याही ओरडून उठले.

"अरे! कोण आहे? व्याही? तुम्ही?"

"तुम्ही झोपा, झोपा," दादा म्हणाला. त्याने हात काढला नव्हता.

"तिथेच दुखतंय माझं! दोन दिवस झाले. तुम्हाला कसं कळलं? मला वाटतंय, बरगडी वर आलीय. उद्या डॉक्टरकडे जाणार होतो."

"बरगडी नाही. किल्ली आहे."

व्याह्यांनी आपल्या बरगडीकडे पाहिलं. मग दादाने सगळं सांगितलं. पँटसकट सांगावं लागलं.

"मऊ सुती म्हणालात ना?" व्याही म्हणाले.

"पँट सुतीच आहे."

"आणि मी दोन दिवस तुमच्या पँटमध्ये झोपतोय."

"खिशापाशी," दादा म्हणाला. "बाकी भागात साड्या आहेत."

उसवायला दादाने कात्री घेतली नाही. सुईचं टोक घालून एकेक टाका उचलत होता. मी घड्याळ बघत होतो. "दादा, फाड," मी म्हणालो. त्याने ऐकलं नाही. अखेर बोटं आत घालून त्याने कडी बाहेर काढली. दोन्ही किल्ल्या तिला लटकत होत्या, एकमेकींना धरून. पण तो उठेना. त्याने सुईत दोरा ओवला.

"आता काय?"

"उघडी कशी ठेवू? थर सरकतील."

व्याही आता चांगले जागे झाले होते. त्यांनी वाकून भोकात पाहिलं. "हा खिसा आत कशाला? वरून लावा. माझा चष्मा रोज अंगाखाली येतो."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी नको नको म्हणत होतो. त्याने खिसा कापून वर काढला, भोक शिवलं आणि खिसा वरून बसवला. टाके एकसारखे. पोतं असतं तर मी डोळे झाकून पाठीवर घेतलं असतं. तोवर उन्हं खिडकीच्या खाली उतरली होती.

परत येताना चढावर मी दादाला उतरवलं नाही. गाडी रडत होती, तरी पळवली. दादा मागून सारखं म्हणत होता, "विहिरीत टाकेल. ती टाकेल." किल्ली त्याने मुठीत इतकी घट्ट धरली होती की मूठ नंतर माझ्या मदतीने उघडावी लागली.

शेताच्या वळणावर आलो तेव्हा उजेड थोडा शिल्लक होता. आणि मोटारीचा आवाज येत होता.

वाफ्यांत पाणी होतं. पाटातून चमकत जात होतं. वहिनी खोऱ्याने बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेत होती. रोपांनी मान टाकलेली नव्हती. पंपाच्या खोलीसमोर घरचा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या मागे साखळी होती. साखळीच्या टोकाला दार होतं. सगळं, आडवं, जमिनीवर. चौकटीचा अर्धा भागही सोबत आला होता. आणि कडीत ते कुलूप लटकत होतं. बंद. त्याला ओरखडाही नव्हता.

"हे काय केलंस?" दादा म्हणाला.

"ओढलं," वहिनी म्हणाली. "हत्ती नव्हता, ट्रॅक्टर होता. तुमचं कुलूप नाही हललं हो. बिजागऱ्या हलल्या."

"मग दुपारीच का नाही ओढलंस?"

"तुम्ही ओढू दिलं असतं?"

 दादा दारापाशी गेला, गुडघे टेकले, किल्ली कुलपात घातली आणि फिरवली. कुलूप उघडलं. त्याने कडी काढली. आडव्या दाराची. मग आमच्याकडे पाहिलं. एवढा लांब जाऊन आणलेली किल्ली न वापरता ठेवणं त्याला पटलं नसावं.

वहिनी आधी हसली. मग मी. दादा सगळ्यात शेवटी.

"सुईचं काय?" त्याने जरा वेळाने विचारलं.

"पाणी अंधाराच्या आत आलं. बोलले तसं. सुई राहिली. पण दार कोण देणार?"

दादाने मान खाली घातली.

चौकट फुटली होती, म्हणून नवं दार लोखंडी घ्यावं लागलं, चौकटीसकट. दादाचा टेबलाचा डबा तिथे रिकामा झाला.  त्याने पैसे मोजून दिले आणि पावतीची घडी खिशात ठेवली. वहिनीने तो खिसा संध्याकाळी तपासला.

जुनं दार चार दिवस उंबऱ्यापाशी पडून होतं. पाचव्या दिवशी वहिनीने मला हाक मारली. "भावजी, उचला." आम्ही दोघांनी ते गोठ्याच्या पडवीत नेलं. तिथे तिने दोन लाकडी घोड्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. दार त्यांच्यावर बसवलं. लांब, रुंद, मजबूत. जड होतं. एकट्याने उचलायला मलाही जमलं नसतं.

दादा आता चारला उठतो आणि उभ्याने शिवतो. कात्री त्या दाराच्या कडीत अडकवतो. त्याच्या पोत्यांच्या मजुरीने अखेर लोखंडी दार आलं. टेबल फुकट मिळालं. पण कोणी विचारलं तर तो म्हणतो, टेबल मजुरीतूनच घेतलं. मी खोडून काढत नाही. एवढ्या पोत्यांची तोंडं त्याने शिवली आहेत.